चौथी ओळ

आमच्या दुकानात कपडे उलटे टांगलेले असतात. पहिल्यांदा आत आलेली मुलगी मान वाकडी करून बघते आणि विचारते, "हे असं का?" मग मी सांगते, की नेटचे दहा-बारा थर लावलेला टूटू, म्हणजे बॅलेतला आखूड झगा, सरळ टांगला तर चार दिवसांत मान टाकतो आणि भिजलेल्या कोंबडीसारखा दिसायला लागतो. उलटा टांगला की थर ताठ राहतात. लांब झग्यांना खरं तर याची गरज नसते, पण सासूबाई त्यांनाही उलटंच टांगायला लावतात. मी एकदा म्हटलं, "आई, लोक आपल्याला उलट्या काळजाचे म्हणतील." त्या म्हणाल्या, "म्हणू देत. कपडा नीट राहिला म्हणजे झालं."

दुकान नवरीच्या कपड्यांचं आणि जुन्या धाटणीच्या कपड्यांचं. पुढच्या बाजूला मी, पडद्यामागे सासूबाई. मी बोलायचं, त्यांनी शिवायचं, अशी वाटणी लग्नानंतर सहा महिन्यांतच पडली. माझ्या जिभेला हाड नाही, यावर माहेर आणि सासर यांचं पहिल्यापासून एकमत आहे. सासूबाईंच्या तोंडात मात्र कायम पाच टाचण्या, त्यामुळे बोलायचा प्रश्नच येत नाही. काही विचारलं तर त्या आधी पाचही टाचण्या एकेक करून काढतात, मनगटावरच्या उशीत खोचतात आणि मग म्हणतात, "हं." एवढ्यासाठी कोण थांबणार? मुलगा त्यांचा, पण तोही घरात काही हवं असलं की मलाच विचारतो.

सतराव्या वर्षी त्या बॅलेच्या थिएटरातल्या शिवणखोलीत लागल्या आणि एकतीस वर्षं तिथंच राहिल्या. इमारतीच्या मागच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर, लांब टेबल आणि एकच मोठी खिडकी. पहिली दोन वर्षं त्यांना फक्त चुण्या घालायला दिल्या होत्या. मैलभर नेट घ्यायचं, कडेला धावदोरा घालायचा, ओढून वीतभर करायचं. नेट दिसायला धुक्यासारखं, पण बोटांना करवतीसारखं कापतं. सासूबाईंच्या पेरांवर अजून बारीक चरे आहेत. पीठ मळताना त्यांत पीठ अडकतं आणि मग त्या टाचणीच्या टोकानं काढत बसतात.

नवऱ्या येतात त्यांना वाटतं, हा पांढरा, तंग कमरेचा, पिंढरीपर्यंत फुगत गेलेला झगा एखाद्या राणीनं आणला असेल. सासूबाईंना हे ऐकवत नाही. त्या विषयावर मात्र त्या टाचण्या काढतात. हा झगा आला स्टेजवरून, म्हणतात. आधी नाचणाऱ्या बायकांनी पायांचं काम दिसावं म्हणून घेर पिंढरीवर आणला, खाली थरावर थर लावले, घंटेसारखा आकार दिला. समोर बसलेल्या मुली घरी गेल्या आणि शिंप्याला म्हणाल्या, मला लग्नात असाच हवा. मग कुणाच्या आजीनं तसा शिवला, तिच्या फोटोवरून नातीला हवासा वाटला, आणि अशी जुन्याची नवी फॅशन झाली. "आणि स्टेजवर तो कुणाचा होता माहितेय?" सासूबाई विचारतात. "लग्नाआधीच मेलेल्या मुलींच्या भुतांचा. भुतांचे कपडे घालून लग्नं करताय, बायांनो." गिऱ्हाईक यावर हसतं. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावते, कारण एखादी नवरी हसणार नाही आणि सरळ उठून जाईल.

थिएटरातल्या कपड्यांचा एक नियम त्या आमच्या दुकानातही पाळतात. पाठीवर हुकं एक ओळ, पण ती अडकवायची घरं तीन ओळींत. एकच झगा आज हिनं घालायचा, दोन वर्षांनी तिनं. कमरा काही सारख्या नसतात. कंबरपट्टीच्या आत एक सुती पट्टी शिवलेली असते. तिच्यावर घालणारणीचं नाव आणि नावापुढं ओळीचा आकडा: एक, दोन किंवा तीन; एक सगळ्यांत तंग, तीन सगळ्यांत सैल. नवी मुलगी आली की जुन्या नावावर रेघ आणि खाली नवं नाव. आकडा लिहायचाच, कारण पडद्यामागच्या अंधारात हूक लावणाऱ्या बाईला ओळ शोधत बसायला वेळ नसतो. आणि दर शनिवारी नाच बसवणाऱ्या मोठ्या बाई शिवणखोलीत येऊन सगळ्या पट्ट्या उलटून बघायच्या. कोण एकवरून दोनवर गेली, कोण दोनवरून तीनवर. मुलींना भूक लागलेली कुणाला दिसत नसे, पण पट्टी सगळं सांगायची.

शिवणखोली बंद झाली तेव्हा थिएटरवाल्यांनी सासूबाईंना भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. त्यांनी ते घेतलं नाही, एक जुना लांब पांढरा झगा मागून घेतला. तो आमच्या दुकानात कोपऱ्यात उलटा टांगलेला, वर चादर. मी पाच वेळा विचारलं असेल, "आई, हा विकायचा का?" पाचही वेळा त्या म्हणाल्या, "त्याला हात लावायचा नाही." मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचा जीव कशात अडकेल सांगता येत नाही.

मागच्या वर्षी एका दुपारी दोघी मायलेकी आल्या. लेक तेहतीस वर्षांची, अंगानं भरलेली, हसरी, आल्या आल्या म्हणाली, "लग्न उशिरा करतेय, तेव्हा कपडा तरी लवकर द्या." आई सत्तावन्न-अठ्ठावन्नची, बारीक, पाठ अशी ताठ की खुर्चीला टेकायचं तिला ठाऊकच नसावं. लेकीला जुन्या धाटणीचा झगा हवा होता. "आई घालायची तसा," ती म्हणाली. "आई बॅलेत होती. आम्ही तसा झगा तीन गावांत शोधला."

तोवर आई कोपऱ्यात गेली होती. तिनं चादर उचलली, झग्याची कड बोटात धरली आणि एक थर दुसऱ्यावर घासून बघितला. मग हळूच म्हणाली, "हा इथं आहे होय? काखेत कळसा आणि गावाला वळसा." मी म्हटलं, "आवडला? देऊ की!" पडद्यामागचं मशीन थांबलं. मला ते ऐकू आलं होतं, हे मी कबूल करते. पण दोन महिन्यांत एकही मोठं काम आलेलं नव्हतं.

सासूबाई बाहेर आल्या. ती बाई त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीचा झाला. "ताई! मी चिमणी!" शिवणखोलीनं तिला ठेवलेलं नाव ते, अख्ख्या मंडळीत सगळ्यांत हलकी उडी तिची. तिनं सासूबाईंना मिठी मारली. सासूबाईंचे हात खाली लोंबत होते. तोंडात टाचण्या आहेत म्हणून असेल, असं मला वाटलं.

संध्याकाळी फळी लावताना सासूबाईंनी टाचण्या काढल्या, पाचही, आणि न विचारता बोलायला लागल्या.

"त्या झग्यात शेवटचं नाव चिमणीचं आहे. मुख्य काम तिचं होतं. तीनच प्रयोग. महिनाभर आधी माझ्याकडे आली, म्हणाली, ताई, तिसरी ओळ लागत नाही. मी हात लावला आणि मला कळलं. तिथं दिवस गेले की काढून टाकत. ती रडली. म्हणाली, आत्ता नको होतं हे, तीन प्रयोग होऊ देत फक्त. मी तिला चौथी ओळ घालून दिली, चोरून. चार ओळी कुठल्याच झग्याला नसतात. ती म्हणाली, पट्टीवर आकडा तेवढा बदलू नका. हूक तिची खोलीतली मैत्रीण लावणार होती, त्यामुळे बाहेरच्या कुणाला कळायचा प्रश्न नव्हता."

"मग?"

"मी आकडा लिहिला."

मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, "चुकून?"

"चुकून कसा? तीन खोडला आणि चार लिहिला, ठळक. शनिवारी मोठ्या बाईंनी पट्टी उलटली. मी तोंडानं एक शब्द बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. नियम म्हणजे नियम." त्या खाली बघत होत्या. "सूनबाई, माझ्या लग्नाला सात वर्षं झाली होती. दर महिन्याला मी वाट बघायची आणि दर महिन्याला तेच. जे मला मिळत नव्हतं ते तिला झालं होतं, आणि तिला नको होतं. माझ्या पोटात दुखलं. दुसरं काही कारण नाही."

मोठ्या बाईंनी चिमणीला त्याच दिवशी घरी पाठवलं. ती पुन्हा कधी नाचली नाही. पट्टी तिनं बघितलीच नव्हती. चौथ्या ओळीतली ती पोर म्हणजे आज आलेली नवरी. तिच्यानंतर तीन वर्षांनी सासूबाईंना मुलगा झाला, म्हणजे आमचे हे. "तो पोटात होता तेव्हा रोज वाटायचं," सासूबाई म्हणाल्या, "आता माझं काहीतरी हिरावून घेतलं जाणार. तसं काहीच झालं नाही. धडधाकट झाला. त्याचंच जास्त वाटतं."

मी शेवटची फळी लावली. मग त्या म्हणाल्या, "मला तोंडानं सांगता यायचं नाही. उद्या ती येईल. झगा घालायच्या आधी कंबरपट्टी उलटून बघेल, नाचणाऱ्या सगळ्या बघतात. चार दिसेल. माझं अक्षर तिला माहीत आहे. तेवढं झालं की सुटले."

रात्री मला झोप लागली नाही असं म्हणायला मला आवडलं असतं, पण मी छान झोपले. सकाळी लवकर दुकानात गेले, बारीक कात्री घेतली आणि ती पट्टी उसवून बटणांच्या डब्यात टाकली. माझं म्हणणं सरळ होतं: झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्न पंधरा दिवसांवर, नवरी आनंदात, म्हातारी माणसं तेहतीस वर्षांपूर्वीचं उकरून काढणार, मग रडारड, आणि शेवटी झगा आमच्याच गळ्यात. मी सासूबाईंना वाचवतेय अशी माझी समजूत होती. त्या समजुतीत दुकानही होतं, ते मी आज सांगतेय.

दुपारी मायलेकी आल्या. चिमणीबाईंनी कंबरपट्टी उलटलीच नाही. त्यांना वेळच मिळाला नाही, कारण लेकीनं झगा अंगावर ओढून घेतला आणि तिसरी ओळ चार बोटं लांब राहिली. ती हसत सुटली. "आई, तू काय कागदाची होतीस का?" सासूबाई स्टुलावर बसून पाठीमागं बघत होत्या. जुन्या चौथ्या ओळीची घरं कधीच उसवलेली होती, पण सुईची भोकं राहिली होती. त्या भोकांवर लेकीची कंबर बरोबर आली.

"तिथंच घाला," चिमणीबाई म्हणाल्या. मग सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवून लेकीला म्हणाल्या, "ही ओळ ताईंनी माझ्यासाठी घातली होती. तुझ्यासाठीच म्हण. नोकरी जाईल याची पर्वा केली नाही. सगळ्या थिएटरात माझं असं एकच माणूस होतं."

"काकू, थँक्यू," लेक म्हणाली.

सासूबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"आणि जिच्यावर विश्वास टाकला तिनं चुगली केली," चिमणीबाई बोलतच होत्या. "माझी मैत्रीण. सहा वर्षं एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. हूक तीच लावायची. तिच्याशिवाय आणि ताईंशिवाय कुणाला माहीतच नव्हतं. मी तिचं तोंड बघितलं नाही त्यानंतर. आता दवाखान्यात आहे म्हणे, फार दिवस नाहीत. निरोप पाठवते, एकदा येऊन जा. मी नाही जात."

सासूबाईंनी कंबरपट्टी उलटली. आत तुटक्या दोऱ्यांची टोकं तेवढी होती. त्या टोकांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या बोलणार होत्या. तोंड उघडलं होतं त्यांनी, मी शपथेवर सांगते. आणि मी म्हटलं, "चहा ठेवते हं सगळ्यांना! आई, जरा आत येता का, कप सापडत नाहीत."

कप समोरच होते.

त्या दोघी गेल्यावर सासूबाईंनी एवढंच विचारलं, "पट्टी कुठंय?" मी डबा आणून दिला. बटणं बाजूला सारून त्यांनी ती काढली, मांडीवर सरळ केली. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार, आणि खायची माझी तयारीही होती. पण त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी फोन करून तिला बोलाव. लग्नाचं नाही म्हणायचं, माझं काम आहे म्हण. ती मैत्रीण दवाखान्यात आहे, ऐकलंस ना तू?"

"ऐकलं."

"मग उशीर नको."

फोन नंबर माझ्या मोबाइलमध्ये. सासूबाईंना चिमणीबाईंचं घर माहीत नाही, आणि गुडघ्यांमुळे एकट्यानं शोधत फिरणं होत नाही. सकाळी मी मोबाइल हातात घेतला आणि ठेवून दिला. म्हटलं, लग्न होऊ दे. दुपारी सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, "लागत नाही फोन." दुसऱ्या दिवशी म्हटलं, "उचलत नाहीत, गडबडीत असतील." तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही, नुसतं बघितलं, तेव्हा मीच म्हटलं, "करते हो, किती मागं लागाल!" असं रोज काहीतरी. खोटं बोलायला मला कधी कष्ट पडत नाहीत, शब्द आपले आपण येतात.

त्या दिवसांत सासूबाईंनी चौथी ओळ घातली. एकेक घर दोनदोनदा वेढा घालून. मग जुनी पट्टी होती त्याच जागी परत शिवली आणि तिच्या खाली नवी पट्टी लावली, नवरीचं नाव, पुढं चार. मी बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते.

बाराव्या दिवशी चिमणीबाई झगा न्यायला एकट्याच आल्या. मी एका दुसऱ्या मुलीच्या झग्याची खालची कड टाचत होते. सासूबाईंची सवय मलाही लागलीय, टाचण्या ओठांत. ती मुलगी आत कपडे बदलायला गेली आणि मी तशीच जमिनीवर बसून राहिले. चिमणीबाईंच्या पाठीचा ताठपणा तसाच होता, पण डोळे सुजलेले.

"ती गेली," त्या म्हणाल्या. "सोमवारी. मी गेले नाही." मग जणू कुणी विचारलं असावं तसं पुन्हा म्हणाल्या, "का जायचं मी?"

सासूबाई स्टुलावर बसलेल्या. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता काही सांगणार नाहीत. आता सांगून कुणाचं भलं होणार? मी त्यांच्या जागी असते तर गप्प बसले असते. पण त्यांनी झगा मांडीवर घेतला, कंबरपट्टी उलटली आणि चिमणीबाईंच्या पुढं केली.

चिमणीबाई नावं वाचायला लागल्या. पहिल्या दोन-तीन नावांवर हसल्याही. "अगं बाई, ही! ही किती उंच होती." मग त्यांचं बोट त्यांच्या स्वतःच्या नावावर आलं. खोडलेला तीन. त्याच्या पुढं चार. त्या किती वेळ बघत होत्या मला सांगता येणार नाही.

"हा कुणी लिहिला?"

"मी."

"कधी?"

"त्या शनिवारच्या आदल्या दिवशी."

"तुम्हाला सांगितलं होतं मी, लिहू नका."

"सांगितलं होतंस."

"मग का लिहिलात?"

"मला मूल होत नव्हतं. तुला झालं होतं. मला बघवलं नाही," सासूबाई म्हणाल्या. टाचण्यांशिवाय त्यांचा आवाज केवढा मोठा आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

चिमणीबाई रडल्या नाहीत. त्या खुर्चीच्या पाठीला टेकल्या, तेवढंच. "ती दर वर्षी पत्र पाठवायची," त्या म्हणाल्या. "पाकिटावरच लिहायची, ‘मी सांगितलं नाही गं, मी सांगितलं नाही.’ मी न फोडता परत पाठवायची. नंतर नंतर तिनं पाठवणं बंद केलं." मग मान वर केली. "ताई, बारा दिवसांपूर्वी मी इथंच उभी होते. ती तेव्हा जिवंत होती. बोलत होती. तेव्हा का नाही सांगितलंत?"

मी जमिनीवर. माझ्यापासून त्या चार हातांवर. मला फक्त टाचण्या काढायच्या होत्या.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही. म्हणाल्या, "धीर झाला नाही."

चिमणीबाईंनी कात्री मागितली. टेबलावर तीच बारीक कात्री होती, ती मी उठून दिली. त्यांनी जुनी पट्टी टाका टाका करून उसवली, कापडाला धक्का लागू दिला नाही, आणि घडी घालून पर्समध्ये ठेवली. "तिला मुलगा आहे," म्हणाल्या. "त्याला दाखवायला हवी. त्याला वाटत असेल, आपल्या आईनं काहीतरी केलं होतं." झगा त्यांनी घेतला. पोरीचा काय दोष, असं दारात पुटपुटल्या. आमच्यापैकी कुणाला उद्देशून ते नव्हतं.

आतली मुलगी कपडे बदलून बाहेर आली, झग्याची तारीख विचारून गेली. मी मान हलवली. मग सासूबाई म्हणाल्या, "टाचण्या काढ तोंडातून. गिळशील एखादी."

मी काढल्या. सासूबाई आत जाऊन मशीनवर बसल्या. फोन खरंच लागला नव्हता का, हे त्यांनी मला अजून विचारलेलं नाही.